मॅकबुक एअर 2008 पासून आजपर्यंत नेमका बदलला तरी काय?

तुमचा प्रश्न असा की मामांचा 2017 चा एअर (अ‍ॅपलचा हा पातळ लॅपटॉप) तुम्हाला मिळतोय आणि दुकानात आजही एअर नावानेच नवा मिळतो, तर मधल्या काळात फरक काय पडला? मला विचाराल तर या लॅपटॉपचा इतिहास म्हणजे उष्णतेशी झटापट. पातळ करायचा, पण आतली गरमी जाणार कुठून? यातच बारा वर्षं गेली.

जानेवारी 2008 मध्ये अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्जनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर कागदपत्रांच्या पाकिटातून तो बाहेर काढला, तेव्हा लोक चाटच पडले. दिसायला देखणा, पण प्रकृती तोळामासा. किंमत 1,799 डॉलर, सीडी ड्राइव्ह नाही, यूएसबी एकच आणि तोही एका झडपेआड. आत 80 जीबीची 1.8 इंची हार्ड डिस्क, म्हणजे आयपॉडमध्ये असायची त्या मापाची. इंटेलने त्याच्यासाठी प्रोसेसर खास लहान आकारात बनवून दिला होता, तरी व्हिडिओ लावला की स्वारी तापायची.

खरा एअर आला ऑक्टोबर 2010 ला. हार्ड डिस्क गेली, सगळे मॉडेल फ्लॅश स्टोरेजवर (फिरणारे भाग नसलेल्या चिपवरच्या साठवणीवर) आले, 11 इंची 999 डॉलरपासून सुरू झाला. पाचरीसारखा तो आकार इतका जमला की 13 इंचीचं कवच पुढे सात वर्षं जवळपास तेच राहिलं. आत मात्र बदलत गेलं: 2011 ला बॅकलाइट कीबोर्ड परत आला, 2013 ला बॅटरी बारा तासांवर गेली.

मामांचा एअर याच कवचातला शेवटचा. विकला 2017 म्हणून, पण आतली इंटेल चिप 2015 च्याच पिढीची. स्क्रीन 1440 बाय 900, शिवाय जरा तिरकं पाहिलं की रंग उतरतात. मराठी मजकूर वाचताना जोडाक्षरं किंचित भरडलेली दिसतात. नव्याच्या शेजारी ठेवून बघा, लगेच कळेल.

2018 ला रेटिना म्हणजे बारीक ठिपक्यांची स्पष्ट स्क्रीन आणि टच आयडी म्हणजे बोटाच्या ठशाने उघडायची सोय आली. पण मॅगसेफ गेलं (वायर पायात अडकली तरी लॅपटॉप जागेवर ठेवणारं ते चुंबकी चार्जर, मला फार आवडायचं) आणि कमी उंचीचा बटरफ्लाय कीबोर्ड आला, जो मार्च 2020 मध्ये बदलावा लागला. त्या काळातले एअर उघडलेत तर गंमत दिसते: पंखा आहे, पण प्रोसेसरच्या हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीला) तो जोडलेलाच नाही, नुसती आतली हवा फिरवतो.

नोव्हेंबर 2020 मध्ये अ‍ॅपलने इंटेल सोडून स्वतःची एम1 चिप घातली आणि पंखाच काढून टाकला. बाहेरून तोच लॅपटॉप, आवाज शून्य, आणि वेग असा की आधीचा एअर एकदम म्हातारा वाटायला लागला. बाकी आवरतं घेतो: 2022 ला एम2 बरोबर सपाट आकार आणि मॅगसेफ परत, 2023 ला 15 इंची, 2024 अखेर किमान रॅम 16 जीबी.

आता मामांच्या लॅपटॉपबद्दल. फुकट मिळत असेल तर घ्या, पैसे मोजून घेऊ नका. त्याची रॅम (कामापुरती तात्पुरती मेमरी) बोर्डवर सोल्डर केलेली आहे, वाढत नाही, आणि त्याची कार्यप्रणाली मॅकओएस अधिकृतपणे मॉन्टेरी या जुन्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. पण एसएसडी (तीच फ्लॅश साठवण) काढता येतो आणि बॅटरी गोंदाने नाही, पाच स्क्रूंवर बसवलेली आहे, म्हणजे घरी बदलता येते. मागच्या झाकणाला दहा स्क्रू, पाच पाकळ्यांचे. साधा स्क्रू ड्रायव्हर चालवू नका, मी एकाचं डोकं असंच घासून ठेवलंय. बिजागरीकडच्या रांगेतले मधले दोन स्क्रू लांब असतात, तेवढे वेगळ्या वाटीत ठेवा.