प्लेटच्या सीमेपासून इतक्या लांब विदर्भात भूकंपाचे लहान लहान धक्के वारंवार का बसतात?

आपण विचारले आहे की, पुसदकडील आपल्या गावात काही आठवड्यांपासून रात्री-अपरात्री जमिनीतून आवाज येतो, कधी भांडी वाजतात. हिमालय इथून हजार किलोमीटरांहून लांब असताना हे होते कसे, आणि ही मोठ्या भूकंपाची नांदी आहे काय? मी भूकंपतज्ज्ञ नाही. भूशास्त्र विषय घेऊन पदवी केली आणि अनेक वर्षांपासून अमरावती-अकोला भागात विहिरी आणि बोअरच्या जागा पाहण्याचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर खडक आणि पाणी यांच्या बाजूनेच येईल.

भारतीय प्लेट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आशियाला भिडते, हे आपण शाळेत शिकलो. मात्र हा रेटा हिमालयाच्या पायथ्याशीच संपतो, असा आपला एक समज झालेला असतो. बांधाला अडलेल्या बंडीला मागून माणसे रेटू लागली की ती फक्त पुढून कुरकुरत नाही. जिथला सांधा जुना आणि खिळखिळा झालेला असेल, तिथून कुरकुरते. आपल्या पठाराखालीही असे जुने सांधे पुष्कळ आहेत. नर्मदा-तापीच्या खोऱ्यातले प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या लांबलचक भेगा, त्यांपैकी सर्वांत मोठे, आणि मेळघाटच्या दक्षिण कडेने जाणारा गाविलगडचा प्रस्तरभंग तर चिखलदऱ्याहून खाली परतवाड्याच्या सपाटीकडे पाहिले की डोळ्यांनाच दिसतो. त्याच्या दक्षिणेची जमीन खचत गेली आणि त्या खोलगट भागात पूर्णेने शेकडो मीटर गाळ आणून भरला. आपला खारपाणपट्टा याच गाळावर वसलेला आहे. पूर्वेला गोदावरीचे खोरेही असेच जुने आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगू भागात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरची माणसे सकाळी घराबाहेर आली होती.

आपल्या गावी जे चालले आहे, त्याला शास्त्रज्ञ ‘स्वार्म’ म्हणतात. नेहमीच्या भूकंपात एक मोठा धक्का बसतो आणि मागून लहान धक्के कमी कमी होत जातात. स्वार्ममध्ये असा कोणी म्होरक्या नसतो. साधारण सारख्याच ताकदीचे लहान धक्के आठवडे किंवा महिने, क्वचित वर्षानुवर्षे येत राहतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून हेच सुरू झाले आणि तिथे हजारो धक्क्यांची नोंद झाली. १९९० च्या दशकात मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात, २००६ नंतर नांदेड शहरात आणि २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातीलच सिवनीत हाच प्रकार घडला. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण हिंगोली जिल्ह्यातील पांगरा शिंदे परिसराचे आहे. तिथले लोक अनेक वर्षांपासून जमिनीतील आवाज ऐकत आले आहेत, आणि २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत त्या भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले.

ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातील साद्राबाडीला असे धक्के बसत होते, तेव्हा एका विहिरीच्या कामानिमित्त मी त्या भागात होतो आणि एक रात्र तिथल्या ओळखीच्या घरी मुक्कामाला राहिलो. घरातील बाईंनी मांडणीवरच्या दोन परातींच्या मध्ये जुन्या लुगड्याची घडी घालून ठेवली होती, कारण परात परातीवर वाजली की लेकरे दचकून उठत. रात्री शेजारच्या खोलीत कुणी सोयाबीनचे पोते टाकावे तसा ‘धप्’ आवाज आला, खाटेला क्षणभर कंप सुटला, आणि झाले. हा आवाज म्हणजे भुताटकी नव्हे, आणि ज्वालामुखीही नव्हे. आपला काळा पाषाण ज्या लाव्हापासून बनला, तो थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली आहेत. स्वार्मचे धक्के बहुधा उथळ, म्हणजे काही किलोमीटर खोलीवर होतात. कठीण खडकातून त्यांच्या लहरी फारशा न विरता वर येतात आणि जमिनीचा पृष्ठभाग ढोलाच्या चामड्यासारखा हवेला हलवतो, म्हणून एरवी कुणाला कळलाही नसता असा लहान धक्काही ऐकू येतो. जवळ गिट्टीखदान असेल तर मात्र आधी तिथल्या स्फोटांच्या वेळा विचारून घ्याव्यात. खदानीचा बार बहुतेक दिवसा उडतो, भूकंप घड्याळ पाहत नाही.

आता पाण्याविषयी. आमच्या धंद्यात एक गोष्ट सर्वांनी पाहिलेली आहे: एका वावरात बोअरची मशीन कॉम्प्रेसरने हवा मारत असते आणि दोन वावरे पलीकडच्या जुन्या बोअरमधून अचानक गढूळ पाण्याचे फवारे उडू लागतात. वरून अखंड दिसणाऱ्या खडकातील भेगा एकमेकींना किती दूरवर जोडलेल्या असतात आणि दाब त्यांतून कसा प्रवास करतो, हे यावरून कळते. पावसाळ्यात हेच फार मोठ्या प्रमाणावर आणि सावकाश घडते. मुरलेल्या पाण्याचा दाब भेगाभेगांतून खाली सरकत काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खोलवरच्या प्रस्तरभंगापर्यंत पोहोचतो, एकमेकांवर दाबून बसलेल्या दोन पृष्ठभागांमधील पकड किंचित सैल करतो, आणि जो खडक आधीच घसरण्याच्या बेतात होता तो थोडासा घसरतो. पाणी भूकंपाची ताकद निर्माण करत नाही. ती प्लेटच्या रेट्यातूनच आलेली असते, पाणी फक्त वेळ ठरवते. कोयनेचे जलाशय १९६२ पासून भरू लागले, हादरे सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप त्यानंतरचा आहे. साद्राबाडीचा ऑगस्ट, पालघरचा नोव्हेंबर, सिवनीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर पाहिला की पावसाकडे बोट जाणे स्वाभाविक आहे, पण पांगरा शिंदेचा मार्चचा धक्का त्या हिशेबात सहज बसत नाही, म्हणून प्रत्येक स्वार्म पावसानेच होतो असे मी म्हणणार नाही.

मोठा भूकंप येईल काय, हा आपला खरा प्रश्न आहे. खंडवा, नांदेड, साद्राबाडी येथील धक्के हळूहळू ओसरले. बहुतेक ठिकाणी असेच होते. परंतु १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीलाही अशीच मालिका झाली होती, तीही ओसरली, आणि जवळपास वर्षभराने, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून लोक झोपलेले असताना ६.२ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे १०,००० माणसे गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तिथे नंतर घेतलेल्या ६१७ मीटरच्या बोअरमध्ये ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट लागला आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक; वरच्या काळ्या पाषाणाने खालचे सांधे झाकून ठेवले होते. चालू असलेला स्वार्म खंडव्याच्या वाटेने जाईल की किल्लारीच्या, हे आधी सांगण्याचे साधन आज कुणाकडेही नाही. ‘लहान धक्क्यांनी जमिनीतील जोर निघून जातो, त्यामुळे मोठा टळतो’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते, पण ते हिशेबात टिकत नाही: तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे ६ तीव्रतेच्या एका भूकंपाइतका जोर काढायला २ तीव्रतेचे सुमारे दहा लाख धक्के लागतील.

किल्लारीत माणसे मारली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी आणि वरच्या धाब्याच्या ओझ्याने. म्हणून मी आपल्या जागी असतो तर भविष्य विचारत बसण्याऐवजी आजच शिडी लावली असती. आपल्याकडे वाऱ्याने टीन उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवतात; ते उतरवून टीन आकड्यांनी किंवा तारेने बांधून घ्यावेत. पोट सुटलेली किंवा कोपऱ्यात तडा गेलेली भिंत असेल तर तिच्या बाजूने खाटा टाकू नयेत, आणि खाटेच्या वरच्या फळीवरील गुंड-हंडे खाली उतरवावेत. नवी खोली बांधणार असाल तर दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींतून सलग जाणारा काँक्रीटचा पट्टा घालायला गवंड्याला सांगावे. भिंती एकमेकींना धरून राहतात त्या त्याच्यामुळे.

एक वही घालून तीत प्रत्येक धक्क्याची तारीख, वेळ, आवाज आधी आला की कंप, आणि काय हलले एवढे लिहीत जावे. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीत आपला धक्का दिसला नाही तर तो भास होता असे समजू नये. यंत्र दूर असले की फार लहान धक्के नोंदीतून सुटतात. गावाजवळ तात्पुरते भूकंपमापक बसवावे, असा ग्रामसभेचा ठराव तहसीलदारांकडे देताना त्या वहीची प्रत सोबत जोडावी.