वरचे म्हणतात 'लिकेज आमचं नाही', मग छतातून गळणारं पाणी नक्की कुठून येतंय हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की बाथरूमवरच्या माळ्यात (लॉफ्टमध्ये) पाणी टपकतंय, वरच्यांनी टाइल्सचे जॉइंट भरून घेतले तरी थांबलं नाही, आणि आता प्लंबर त्यांचं अख्खं बाथरूम फोडायला सांगतोय. आठवडाभर कुणालाही काही फोडू देऊ नका. मुलुंडला आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये अगदी हेच झालं होतं. शेवटी दीड टाइल फुटली, पण तिथवर पोचायला दोन महिने गेले, कारण आम्ही सगळे डागाकडे बघत बसलो होतो.

डाग कुठे पडलाय याला फार भाव देऊ नका. वरच्या बाथरूमच्या लाद्यांखाली विटांच्या तुकड्यांचा भराव असतो. पाणी त्यात मुरतं, उताराने सरकतं आणि जिथे पाइपाचं भोक किंवा चीर मिळेल तिथून खाली येतं. त्यामुळे तुमच्या माळ्याच्या डाव्या कोपऱ्यातलं पाणी वरच्यांच्या उजव्या भिंतीतलं असू शकतं. पाणी कधी वाढतं आणि कधी कमी होतं, त्यावरून मात्र बरंच कळतं. खाली डबा ठेवा, दर तीन-चार तासांनी किती जमलं ते मोजून वहीत लिहा. डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाका. हे कंटाळवाणं आहे, पण प्लंबरच्या अंदाजापेक्षा स्वस्त आहे.

दिवसरात्र सारखंच टपकत असेल, तर संशय पाण्याच्या लाइनवर, कारण गच्चीवरच्या टाकीचा दाब तिच्यात चोवीस तास असतो. सकाळी आंघोळीच्या वेळी वाढून दुपारी मंदावत असेल, तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतली जाळीखालची सांडपाण्याची वाटी), कमोडचा जॉइंट किंवा लाद्यांमधल्या फटी. पावसानंतर वाढत असेल तर बाहेरची भिंत, छज्जा, डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला) पाइप. आणि फक्त एप्रिल-मेमध्ये, तेही रात्री, ओल येत असेल तर कुणाच्या तरी एसीचा ड्रेन पाइप बघा. हे हसण्यावारी नेऊ नका, आमच्या विंगमध्ये एका भिंतीचा रंग दोनदा काढून झाल्यावर हे सापडलं.

आता आमची फजिती. गणपतीत वरचे काका-काकू दहा दिवस कोकणात गेले. घराला कुलूप, आणि आमच्याकडे टपटप चालूच. परत आल्यावर काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणाले, "आम्ही इथे नव्हतो, एक तांब्या पाणी सांडलं नाही, तरी गळत होतं. म्हणजे आमचं नाही." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं! पाऊस चालू होता, तेव्हा खापर गच्चीवर फुटलं. पण ऑक्टोबर कोरडा गेला तरी वहीतला आकडा हलेना, तेव्हा डोक्यात उजेड पडला. कुलूप लावलं म्हणून सांडपाणी थांबतं, दाबाची लाइन थांबत नाही. काकांचा बचाव उलट त्यांच्याच भिंतीकडे बोट दाखवत होता.

मग सेक्रेटरींना सांगून गच्चीवरचा आमच्या बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह एका रात्री बंद केला. (जुने व्हॉल्व्ह जाम असतात, जोर लावू नका. दांडा तुटला तर सगळ्या मजल्यांच्या शिव्या तुम्हाला. कुठला व्हॉल्व्ह कुणाचा हे पंप चालवणाऱ्या वॉचमनला नक्की माहीत असतं.) रोज सकाळी डब्यात अर्धा लिटर पाणी असायचं, त्या दिवशी त्याच्या निम्मंही नव्हतं. पूर्ण थांबलं नाही म्हणून निराश होऊ नका, भरावात साठलेलं पाणी एक-दोन दिवस झिरपत राहतंच.

दुसऱ्या रात्री गच्चीवरचा व्हॉल्व्ह चालू ठेवून फक्त काकांच्या बाथरूमचा कॉक बंद. तरी कमी झालं, म्हणजे गच्चीवरून येणारा उभा पाइप निर्दोष सुटला, दोष त्यांच्या घरातल्या जोडण्यांत. तिसऱ्या रात्री गिझरचं बटण बंद करून फक्त गिझरला पाणी देणारा कॉक बंद केला. पुन्हा कमी! म्हणजे थंड पाण्याची लाइनही सुटली. उरला गिझरपासून शॉवरपर्यंतचा भिंतीतला चार फुटांचा जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप. त्याचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गंजून चाळण झाला होता. गिझर बंद असला तरी त्या पाइपात दाब असतोच, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कॉक बंद करून काहीच फरक पडला नाही तर सांडपाण्याकडे वळा. वरच्यांना विनंती करून नहाणी ट्रॅप प्लास्टिक गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बुजवा, इंचभर पाणी भरा, त्यात खाण्याचा लाल रंग टाका आणि चोवीस तास ठेवा. फडकं पाणी सोडत नाहीये ना ते बघा. खाली रंग उतरला तर लाद्या किंवा ट्रॅपच्या कडा. नाही उतरला तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या रंगाचं पाणी थेट ट्रॅपमध्ये ओता, मग कमोडमध्ये. रंग यायला दोन दिवसही लागतात, आणि कधी भरावच तो शोषून घेतो. म्हणून रंग दिसला तर खात्री, दिसला नाही तर फक्त शंका कमी.

आमच्या शेजाऱ्यांनी पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून 'हे बोअरिंगचंच पाणी' असा निकाल दिला होता. स्लॅबमधून झिरपताना पाण्यात क्षार विरघळतात (भिंतीवरचा पांढरा लोणा तोच), तेव्हा तो आकडा निरुपयोगी. थर्मल कॅमेरावाले ओल कुठवर पसरलीय ते छान दाखवतात, पण कुठला पाइप ते कॉक बंद केल्याशिवाय कळत नाही.

तोवर माळ्याजवळ दिवा किंवा वायरिंग असेल तर त्याचा एमसीबी (बोर्डवरचा खटका) पाडून ठेवा. प्लास्टरवर काठीने टकटक करा, पोकळ वाजलं तर खाली कुणी उभं राहू नका. आणि खालून वॉटरप्रूफिंगचा रंग फासू नका. पाणी आत अडकतं आणि सळ्या गंजतात.

खर्चाचं म्हणाल तर, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांचं लिकेज सोसायटीकडे, घराच्या आतलं सभासदाकडे. म्हणून प्रत्येक चाचणीला कमिटीतलं एक माणूस हजर ठेवा आणि वहीत त्याची सही घ्या. काकांना मी तीन रात्रींचे आकडे दाखवले. ते पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "उद्याच माणूस बोलवतो." दुरुस्तीनंतर छत वाळायला महिना लागला, रंगारी त्यानंतरच बोलावला. पेन्सिलीच्या रेघा त्याने तशाच ठेवून वरून रंग मारला, नीट बघितलं तर अजून दिसतात.