वाचकांचे प्रश्न : स्केटबोर्डचे फोटो आणि स्वतःची शैली

प्रश्न : आमच्या भागातले पोट्टे स्केटबोर्ड करतात, त्यांचे फोटो मी वर्षभरापासून काढतोय. मित्राची फिशआय लेन्स (खूप रुंद दृश्य टिपणारी, कडा वाकवणारी), कॅमेरा जमिनीला टेकवलेला, मागे निळं आभाळ. फोटो वाईट नसतात, पण इन्स्टाग्रामवरच्या शंभर फोटोंत माझा कोणता ते मलाही ओळखता येणार नाही. स्वतःची शैली कशी घडवायची? माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, 18-55 आणि 50 एमएम लेन्स आहे.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : फिशआय तीन महिन्यांसाठी मित्राला परत करा. लेन्समध्ये खोट काहीच नाही. पण तिच्यासाठी स्केटरच्या हातभर अंतरावर, तेही खालून, जावंच लागतं. नाहीतर माणूस चौकटीत मुंगीएवढा दिसतो. म्हणजे उभं कुठे राहायचं, कोन कोणता आणि मागे काय येणार, हे सगळं लेन्सच ठरवते. मग जगभरचे फिशआय फोटो भावंडांसारखे दिसणारच. शैली घडते ती तुम्ही घेतलेल्या निर्णयांतून, आणि आधी ते निर्णय तुमच्या हातात यायला हवेत.

आता 18-55 घ्या, झूम रिंग 24 वर आणा आणि तिथेच चिकटपट्टी लावून टाका. ऑटोफोकस बंद करा, फोकस 3 मीटरवर ठेवा आणि छिद्र (अपर्चर) एफ/8 ठेवा. क्रॉप सेन्सरवर यात साधारण पावणेदोन मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं, त्यामुळे कॅमेऱ्याशी झटापट संपते. कडक उन्हात आयएसओ 400 आणि 1/1600 सेकंद. ऊन उतरलं की 1/800. त्याखाली गेलात तर माणूस स्पष्ट येईल, पण फिरणारा बोर्ड पुसट होईल, कारण किकफ्लिपमध्ये, म्हणजे उडीत पायाने बोर्ड हवेत गरकन फिरवताना, बोर्डाची कड माणसापेक्षा कितीतरी वेगाने फिरते.

यानंतर उजेड निवडा, आणि नागपूर इथे दोन टोकं देतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. बहुतेक जण या वेळी कॅमेरा बॅगेत ठेवतात, कारण डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. पण त्याच वेळी सावली बोर्डाच्या बरोबर खाली पडते, आणि बोर्ड व सावली यांच्यातली मोकळी जागा म्हणजेच उडीची उंची. जरा उंचावरून, पायरीवर किंवा कट्ट्यावर उभं राहून काढलात, तर हे अंतर स्वच्छ दिसतं. आपले सिमेंटचे रस्ते इथे कामाला येतात. फिकट पृष्ठभाग खालून उजेड परत फेकतो आणि चेहऱ्याचा काळेपणा थोडा उतरतो. डांबरावर हे होत नाही. मात्र त्या उन्हात मुलांना वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबवू नका, आणि कॅमेरा दोन फोटोंच्या मध्ये कापडाखाली ठेवा.

दुसरं टोक डिसेंबरचं. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे चार ते सव्वापाच हा तुमचा वेळ. सावल्या माणसाहून लांब आणि रंग पिवळा. दोन्हींतलं एकच घ्या आणि निदान एक हंगाम त्यालाच चिकटून राहा. लॉस एंजेलिसमध्ये छायाचित्रकार ह्यू हॉलंड यांनी 1975 पासून सुमारे तीन वर्षं स्केटबोर्डवरच्या मुलांचे फोटो काढले, बहुतेक उतरत्या दुपारच्या उन्हात आणि सिनेमाच्या उरलेल्या निगेटिव्ह फिल्मवर. उजेड तोच आणि फिल्मही तीच, म्हणून त्यांचा फोटो लांबूनही ओळखू येतो. आपलं आजचं प्रीसेट, म्हणजे फोटोवर लावायची रंगांची तयार सेटिंग, हे काम करत नाही. ते शेवटी लावलेलं असतं आणि उद्या दुसऱ्यानेही लावलेलं असतं.

आणि ट्रिकच्या, म्हणजे बोर्डवरच्या कसरतीच्या, बाहेर बघा. छायाचित्रकार ग्रँट ब्रिटन यांनी काढलेला, स्केटर टॉड स्वँक नुसता पायाने रेटा देत चाललाय असा फोटो 1987 मध्ये ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. त्यात ट्रिक नव्हती, आणि आज तो या क्षेत्रातल्या सर्वांत लक्षात राहिलेल्या फोटोंपैकी एक आहे. तुमच्याकडे काय आहे? ऑली (हात न लावता बोर्डासकट मारायची उडी) शिकताना बुटाला करंगळीच्या बाजूला पडलेलं भोक, त्यावर वाळलेला गोंद. सिमेंट रस्त्याच्या सांध्यात चाक अडकल्यावर पुढे भिरकावलेला मुलगा आणि मागे थांबलेला बोर्ड. बोर्ड सरकावा म्हणून कठड्यावर घासायचं मेण, बहुतेकदा दिवाळीतल्या उरलेल्या मेणबत्तीचं. ही यादी आमची आहे, तुमची वेगळी असेल आणि असायलाच हवी.

महिन्याच्या शेवटी तीस फोटो 4 बाय 6 मध्ये छापून फरशीवर पसरा. फोनवर ही गोष्ट कळत नाही, तिथे एका वेळी एकच फोटो मोठा दिसतो. काय परत परत येतंय ते शोधा: माणूस नेहमी डावीकडे? हात नेहमी चौकटीबाहेर कापलेले? जे न ठरवता पाचदा आलं ते तुमचं आहे. पुढच्या महिन्यात तेच ठरवून करा, आणि उरलेल्या सवयींतली एक सोडा.

प्रश्न : मेट्रोच्या पुलाजवळच्या एका पार्किंगमध्ये रात्री दोन फ्लॅश लावून फोटो काढतो. स्केटरच्या मागे त्याचीच धूसर प्रतिमा येते. शटर 1/200 आहे.
— एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : फ्लॅशने एक प्रतिमा उमटली आणि तिथल्या दिव्यांनी दुसरी. फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. येत नसेल तर आयएसओ उतरवा किंवा छिद्र लहान करा, कारण 1/200 किंवा 1/250 च्या पुढे साधारण कॅमेऱ्यात फ्लॅशचा ताळमेळ सुटतो आणि चौकटीत काळा पट्टा येतो. वातावरण थोडं हवंच असेल, तर फ्लॅशच्या उजेडापेक्षा दोन स्टॉप, म्हणजे चौपट, खाली ठेवा.

फ्लॅश पूर्ण ताकदीवर लावू नका. पूर्ण ताकदीत झोत जास्त वेळ टिकतो, आणि बोर्डाची कड पुसट होते. 1/8 किंवा 1/16 ताकदीवर झोत फार थोडा वेळ असतो. उजेड कमी पडला तर फ्लॅश जवळ आणा. एक स्केटरच्या मागे तिरका, खांबाआड लपवून, म्हणजे खांद्याला आणि बोर्डाला कड मिळेल. दुसरा कॅमेऱ्याच्या बाजूला, माणसाच्या डोक्याहून वर. उडी खाली येते तिथे स्केटरच्या डोळ्यांत झोत जाता कामा नये, आणि रस्त्यावरच्या गाड्यांकडे तर मुळीच नाही. शेवटची अट पाळता येत नसेल तर ती जागा सोडा.

प्रश्न : उडी चांगली फूटभर असते, फोटोत मात्र पोरगा नुसता वाकून उभा दिसतो.
— एक वाचक, लक्ष्मीनगर

उत्तर : बटण उशिरा दाबलं जातंय, शिवाय जमीन कापली जातेय. ऑलीत टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, जमिनीवर आपटते तो ‘टप्’ आवाज ऐका. त्या आवाजापासून उडीच्या माथ्यापर्यंत साधारण पाव सेकंद जातो, आणि आवाज ऐकून बोट हलायलाही जवळजवळ तेवढाच. म्हणून डोळ्यांनी उडी बघून दाबलं तर तो खाली येत असतो, आवाजावर दाबा. चारही चाकं चौकटीत हवीत, आणि जिथून उडाला व जिथे उतरणार ती जमीनही. ती नसेल तर उंची कशावरून मोजायची? एका सेकंदात दहा फोटो घेण्यावर विसंबू नका, माथा दोन फोटोंच्या मधेच निसटतो.

प्रश्न : ट्रिक पूर्ण झाली नाही, तरी फोटो छान आला. तो टाकावा का? आणि पडल्याचे फोटो?
— एक वाचक, रामदासपेठ

उत्तर : स्केटबोर्डवाल्यांत पाळली जाणारी रीत स्पष्ट आहे. लँड न झालेल्या, म्हणजे बोर्डवर नीट उतरता न आलेल्या, ट्रिकचा फोटो ट्रिक म्हणून दाखवायचा नाही. फोटोत बोर्ड हवेत आहे आणि पाय त्यावर आहेत एवढ्यावरून कोणालाही फसवता येतं, म्हणूनच ही रीत कडक आहे. तोच फोटो ‘प्रयत्न’ म्हणून द्यायला हरकत नाही.

पडणं हा या खेळाचा मोठा भाग आहे, आणि डॉक्युमेंटरी करणाऱ्याने ते टाळलं तर काम अर्धवट राहील. पण आधी हात पुढे करा, कॅमेरा नंतर. फोटो सगळ्यात आधी त्याच मुलाला दाखवा. अठरा वर्षांखालच्या मुलाचा चेहरा दिसत असेल तर आईवडिलांना विचारल्याशिवाय ऑनलाइन टाकू नका. हाकलायला येणाऱ्या वॉचमनकाकांचा फोटो नाटकी होतो, त्याचा मोह होतो, पण ते त्यांची नोकरी करत असतात. त्यांना विचारून, नाव लिहून घेऊन काढा किंवा काढूच नका.

प्रत्येक फोटोमागे त्याच दिवशी पाच गोष्टी लिहा: तारीख, जागा, ट्रिक, स्केटर डावा पाय पुढे ठेवतो की उजवा, आणि लँड झाली की नाही. पाचवी गोष्ट दुसऱ्या दिवशी आठवणीतून लिहू नका.