452001 ही मूळ संख्या आहे का?

नाही. इंदूरच्या जीपीओचा हा पिन दिसतो विषम, शेवटी 1, म्हणून फसायला होतं. अंकांची बेरीज 12, म्हणजे 3 ने भाग जातोच. खरी गंमत 11 ची: एकाआड एक अंक घ्या. 4+2+0 = 6, 5+0+1 = 6. फरक शून्य, भाग गेला!

उरले 13697. इथे मात्र चिकाटी लागते. 117 चा वर्ग 13689, म्हणून 117 पर्यंतच्या तीसही मूळ संख्या लावून पाहायच्या. मी चहा निवेस्तोवर कागदावर पाहिल्या, एकीनेही भाग जात नाही. 107 ने तर बाकी फक्त 1!

तेव्हा 452001 = 3 × 11 × 13697, एकूण विभाजक 8.

(मुलांच्या हिंदी पुस्तकातली ‘अभाज्य’ म्हणजे आपली मूळ संख्याच.)