पेल्ह्रिमोव : कार्यालय नसलेला जिल्हा

प्रश्न : चेक प्रजासत्ताकाच्या नकाशावर पेल्ह्रिमोव जिल्हा ठळक दिसतो, पण त्याचं जिल्हा कार्यालय कुठेच सापडत नाही. सरकारी काम निघालं तर जायचं कुठे?

उत्तर : ते कार्यालय आता नाहीच. २००२ अखेर देशातली सगळी जिल्हा कार्यालयं बंद झाली आणि त्यांची बरीचशी कामं ‘वाढीव अधिकार असलेल्या’ नगरपालिकांकडे आली. देशभर अशा २०५ आहेत. या जिल्ह्यात तीन : पेल्ह्रिमोव, हुम्पोलेत्स आणि पात्सोव. काही कामं विसोचिना प्रांताकडे, म्हणजे यिह्लवा शहरात गेली. जिल्हा उरला तो न्यायालय, आकडेवारी अशा गोष्टींपुरता.

म्हणून आधी काम कोणतं ते बघा. ओळखपत्र किंवा पासपोर्टचा अर्ज नागरिकाला २०१८ पासून यांपैकी कुठल्याही नगरपालिकेत करता येतो. विहिरीच्या परवानगीचं तसं नाही. जमीन ज्या नगरपालिकेच्या टापूत, तिथेच अर्ज. हुम्पोलेत्सच्या टापूतला अर्ज पेल्ह्रिमोवला दिलात तर तो फेटाळत नाहीत, योग्य ठिकाणी पाठवतात. पण मधले दिवस गेलेच. गाव कोणत्या टापूत येतं ते सरकारच्या ऑनलाइन पत्ता-नोंदणीत विनामूल्य बघता येतं. जवळचं शहर तेच आपलं, हा अंदाज सीमेवरच्या गावांत हमखास फसतो.

प्रश्न : इथल्या खेड्यातल्या पत्त्यात रस्त्याचं नावच नाही, नुसता घरक्रमांक आहे. पत्र पोहोचेल का?

उत्तर : पोहोचेल, पण वस्तीचं नाव गाळू नका. एका ग्रामपंचायतीत अनेक वस्त्या असू शकतात आणि प्रत्येक वस्तीत क्रमांक एकपासून सुरू होतात. म्हणजे ४७ नंबरची दोन-तीन घरं सहज निघतील. वस्ती, घरक्रमांक, पाच आकडी पिनकोड (पेल्ह्रिमोव शहराचा ३९३ ०१) आणि टपाल कार्यालयाचं नाव, एवढं लिहा. क्रमांक रस्त्याच्या कडेने ओळीत नसतात, घराची नोंद झाली त्या क्रमाने दिलेले असतात. त्यामुळे १२ च्या शेजारी ८७ दिसलं तर नोंद चुकली असं समजू नका. सुट्टीच्या घरांच्या क्रमांकांची मालिका वेगळी असते.

जमीन घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांभाळावी. भूमापन नोंदीत बऱ्याच गावांत बांधकामाखालच्या भूखंडांची मालिका निराळी आहे आणि त्या क्रमांकाआधी ‘स्त.’ लिहितात. ‘स्त. ४७’ आणि नुसता ‘४७’ हे दोन वेगळे भूखंड, आणि घरक्रमांक ४७ शी दोघांचाही संबंध असेलच असं नाही. करारात ती दोन अक्षरं गळली की घराऐवजी कुणाचं तरी कुरण लिहिलं जातं. भूखंड क्रमांकासोबत भूमापन क्षेत्राचं, म्हणजे नोंदीसाठी आखलेल्या विभागाचं नावही हवंच.

प्रश्न : प्रांत विसोचिना, मग इथल्या खटल्याचं अपील चेस्के बुद्येयोवित्सेला कसं जातं?

उत्तर : १९६० च्या फेररचनेत हा जिल्हा दक्षिण बोहेमिया प्रांतात गेला; चेस्के बुद्येयोवित्से हे त्या प्रांताचं मुख्य शहर. २००० साली नवे स्वायत्त प्रांत आले तेव्हा तो विसोचिनात आला, न्यायालयांची रचना मात्र जुन्या प्रांतांवरच राहिली.

प्रश्न : इतक्या लहान गावांचा कारभार कोण बघतं?

उत्तर : निवडून आलेली सभा; पाचशेपर्यंत वस्ती असेल तर पाच ते नऊ सदस्य. सरपंचाची निवड ही सभा करते. सदस्य पंधरापेक्षा कमी असले की वेगळं कार्यकारी मंडळ नसतं, त्याची बरीच कामं सरपंचावरच पडतात. अनेक सरपंच आपली नोकरी सांभाळून हे करतात, म्हणून कार्यालयाच्या वेळा आधी विचारून जा.

प्रश्न : डोंगर फार उंच नाहीत, तरी भूगोलात या भागाला महत्त्व का?

उत्तर : पाण्यामुळे. क्रेमेश्निक हा इथला ओळखीचा डोंगर ७६५ मीटरचा, पण याच मुलखातून युरोपचा मुख्य जलविभाजक जातो. होर्नी त्सेरेकेव शहरातून वाहणाऱ्या यिह्लवा नदीचं पाणी शेवटी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात जातं. झेलिव्का नदीचं साझावा, व्ल्तावा आणि एल्बेमार्गे उत्तर समुद्रात. याच झेलिव्कावर श्विहोव धरण आहे. १९७५ मध्ये पूर्ण झालेला हा देशातला पिण्याच्या पाण्याचा सर्वांत मोठा जलाशय, आणि तिथून सुमारे ५२ किलोमीटरच्या बोगद्याने पाणी प्रागकडे जातं. त्याची किंमत वरच्या गावांना मोजावी लागते. धरणात पोहायला बंदी आहे, आणि पाणलोटातल्या शेतांतून खत-कीटकनाशकं वाहून धरणात येऊ नयेत म्हणून संरक्षित पट्ट्यांत त्यांच्या वापरावर बंधनं आहेत. तिथे शेती घेणाऱ्याने भाव ठरवण्याआधी भूखंड कोणत्या पट्ट्यात येतो ते विचारावं.