आता एकही खापर उचलू नका (पांढरीतली खापरं आणि शाळेचं प्रदर्शन)

सर, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. गावची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड, जेसीबीने उपसली जातेय, मुलांनी त्यातून पोतंभर नक्षीची खापरं गोळा केलीत, 'प्राचीन संस्कृती दुष्काळाने का नष्ट झाल्या' असा फलक शाळेच्या प्रदर्शनात लावायचाय, आणि खापरं कुणाकडे द्यायची ते सरकारी कार्यालयातून कुणी सांगत नाही. सोळा वर्षांपूर्वी मी याच जागी उभी होते. माझ्याकडे तीन पोती होती.

जोर्वेचं, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्याकडच्या शेतकरी वस्त्यांचं खापर कसं ओळखायचं ते तुम्हाला येतंच, तुमच्या फोटोंवरून कळतंय. म्हणून थेट मुद्द्याचं बोलते. आजपासून कुणीही काहीही उचलायचं नाही.

माझं माहेर घोड नदीच्या काठी. पांढरीची माती शेतात टाकायची रीत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची. बैलगाड्या होत्या तोवर टेकाड हळूहळू झिजत होतं, यंत्रं आली आणि एका उन्हाळ्यात अर्धं गेलं. सुट्टीला गेले होते, राहवलं नाही, रोज सकाळी जाऊन वेचायला लागले. घरी आणून नळाखाली तारेच्या घासणीने काजळी निघेपर्यंत घासली. नक्षीची एका पोत्यात, भांड्यांच्या तोट्या दुसऱ्यात, जाडीभरडी तिसऱ्यात. मी काहीतरी वाचवतेय अशी माझी खात्री होती. पण कुठलं खापर वरच्या हातभर मातीतलं आणि कुठलं पुरुषभर खालचं, हे मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

हे इतकं का लागलं ते सांगते, कारण तुमच्या फलकाचा विषय नेमका तोच आहे. शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणाई केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मंडळी. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. खालच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं, सातूच्या जोडीला गहू, पुराचं पाणी वळवायला खोदलेला पाट आणि दगडमातीचा बांध, एका पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचं कोठार. इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत लहान गोल झोपड्या, ओबडधोबड भांडी, गहू रोडावलेला, शिकारीच्या हरणांची हाडं वाढलेली. इनामगावची उतरण आपल्याला कळली ती कुठल्या एका सुंदर भांड्यामुळे नव्हे. गोल झोपडी वर होती आणि चौकोनी घर खाली, हे कुणीतरी जागेवर नोंदवलं म्हणून कळली. दोन्ही एकाच पोत्यात गेली असती तर काय कळलं असतं?

प्रवरेकाठच्या दायमाबादचंच पाहा, तीही अशीच जुनी वस्ती. १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना गावकऱ्याला कांस्याचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, मिळून साठ किलोंहून जास्त वजनाचे. पण ते शास्त्रीय उत्खननात थरासकट मिळाले नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे. एवढ्या मोलाच्या वस्तूंची ही गत, तर माझ्या पोत्यांची काय कथा.

आता कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही. फोनवर मला सांगितलं, 'मूळ वस्तू घेऊन या.' एसटीच्या टपावर पोतं टाकून गेले. तिथे पहिला प्रश्न: 'थराची नोंद कुठाय?' मग म्हणाले हे आमच्या टेबलाचं काम नाही, अर्ज दुसरीकडे द्या. तिथे आवक क्रमांक मिळाला. पाहणीला माणूस आला तो चार महिन्यांनी, पावसाळा उलटल्यावर. तोवर टेकाडाच्या जागी कांदा लावलेला होता. उशिराचं मी समजू शकते, माणसं कमी असतात. पण पहिल्याच फोनवर 'हात लावू नका, जागेवरच फोटो काढा' एवढं एक वाक्य बोलायला काय लागत होतं? त्या एका वाक्याचा राग मला आजही येतो.

फलकातलं 'दुष्काळाने नष्ट झाल्या' कृपया बदला. मी संशोधक नाही, वाचून आणि विचारून जे समजलं ते सांगते. पाऊसमान घटलं असं ढवळीकरांचं मत होतं. पुढे हाडांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याला प्रश्न विचारले आहेत. शिवाय एकाच वेळी सगळं उठलं असंही नाही. तापी आणि प्रवरेकाठची गावं इ.स.पू. १००० च्या सुमारास ओस पडली, भीमेच्या खोऱ्यात, इनामगाव त्यातलंच, लोक आणखी तीनशे वर्षं टिकले. तेही घर लहान करून, पीक आणि खाणं बदलून. ४२०० वर्षांपूर्वी अनेक देशांत पाऊस घटला असं मानतात, त्या गाजलेल्या कोरड्या काळाशी हे जोडू नका, दायमाबाद उठलं ते त्यानंतर हजारएक वर्षांनी. आजसाठी काही घ्यायचंच तर माझ्या मते हे घ्या: पाणी कमी झालं तसं त्यांनी ताट बदललं. आमच्याकडे बोअर खोल जातेय आणि ऊस वाढतोय. हे माझं वैयक्तिक मत, कारखान्यावर पोट असलेल्यांना पटणार नाही, माझ्या भावालाही पटत नाही.

तुमचं पोतं मात्र अजून वाया गेलेलं नाही. धुवू नका, काजळीत आणि चिकटलेल्या मातीतही माहिती असते. मुलांच्या आठवणी ताज्या आहेत, तोवर एकेकाला शेजारी बसवून विचारा, कुठे सापडलं, वर की खाली, आणि टेकाडाच्या हाताने काढलेल्या नकाशावर खूण करा. चिठ्ठी टाकून वेगळ्या कापडी पिशव्या करा. माझ्याकडे एवढंही नव्हतं.

तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण आडवे दिसले तर मुलांना लगेच मागे घ्या. त्या काळी लहान मुलांना घराच्या जमिनीखाली असं पुरत असत.

ग्रामसभेत उपसा थांबवायचा ठराव घ्या आणि अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांना द्या, पोच घेऊन. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल १८७८ चा कायदा आहे, त्यात कळवायचं ते जिल्हाधिकाऱ्यांनाच. मी वकील नाही, तालुक्याला एकदा विचारून घ्या.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर जेसीबीने कापलेल्या उभ्या कडेपाशी जा. कड तासू नका, खाली बसू नका, ढासळते. मोजपट्टी शेजारी धरून समोरून फोटो घ्या, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून. राखेचा पट्टा दिसत असेल तर तो पूर्ण येऊ द्या. फोटो इथे टाका, मी रात्री बघते.