स्पीड भरपूर, तरी लॅग : कन्सोलवाल्यांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांची सुरुवात एकाच वाक्याने झाली आहे : "माझा प्लॅन इतक्या एमबीपीएसचा आहे, तरीही..." त्या 'तरीही'चं काय करायचं ते पहिल्या उत्तरात सांगितलं आहे, म्हणून ते लांबलं आहे. बाकीची उत्तरं त्यामानाने आटोपशीर आहेत.

प्रश्न : फायबर कनेक्शन आहे, डाउनलोड ३०० आणि अपलोड २० एमबीपीएस. दुपारी गेम मस्त चालतो. संध्याकाळी सगळे घरी आले की मी भिंतीआड पोचल्यावरही मरतो आणि समोरचे खेळाडू एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतात. त्याच वेळी स्पीड टेस्ट केली तर २८० च्या वर येतं. आणखी मोठा प्लॅन घेऊ का?

नको, पैसे वाया जातील. मॅच चालू असताना कन्सोल सर्व्हरला काय पाठवतो? खेळाडू कुठे आहे, तोंड कुठे आहे, कोणतं बटण दाबलं, एवढंच. बहुतेक गेमचं काम एका एमबीपीएसच्या आत भागतं. फक्त ती पॅकेट्स (माहितीचे छोटे तुकडे) वेळेवर पोचली पाहिजेत आणि दोन पॅकेटांमधलं अंतर सारखं राहिलं पाहिजे. तुमच्याकडे संध्याकाळी नेमकं तेच बिघडतं.

होतं काय, तर माणूस घरात शिरतो, फोन वाय-फायला जोडला जातो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. मालकाला पत्ताही नसतो. बाहेर जायची वाट २० एमबीपीएसची आणि फोन ओततोय त्याहून जास्त. मग राउटर किंवा मोडेम उरलेली पॅकेट्स फेकून न देता स्वतःकडे रांगेत ठेवतो. या रांगेत एक मेगाबाइट माहिती साठली, तर ती २० एमबीपीएसने बाहेर पडायला ०.४ सेकंद लागतात. तुमचं 'गोळी झाडली' हे इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला उभं. म्हणजे एरवीच्या पिंगवर (पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवर) तब्बल ४०० मिलिसेकंदांची भर. तुम्ही भिंतीआड पोचलात हे सर्व्हरला कळलं तेव्हा त्याच्या लेखी तुम्ही मेलेले होता. स्पीड टेस्टला यातलं काही दिसत नाही, कारण ती मोजते काही सेकंदांत किती माल गेला ते. प्रत्येक पॅकेट किती वेळ ताटकळलं हे तिच्या मोठ्या आकड्यात नसतं.

या आजाराला 'बफरब्लोट' म्हणतात. २०१० च्या सुमारास जिम गेटीस या अभियंत्याने तो आपल्या घरच्याच कनेक्शनवर पकडला आणि जगाला दाखवून दिला.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि कमांड लिहायच्या दोन खिडक्या उघडून दोन्हींत 'ping' ही कमांड सतत चालू ठेवा. एकीत राउटरचा स्वतःचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरीत बाहेरचा, उदाहरणार्थ ८.८.८.८. मिनिटभर आकडे बघा. मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. राउटरचा आकडा १-२ मिलिसेकंदांवरच राहिला आणि बाहेरचा २० वरून ३००-४०० वर उडाला, तर निदान पक्कं. आता हाच प्रयोग वाय-फायवर करा. राउटरचाच आकडा नाचायला लागला तर दोष घरातल्या हवेत आहे, बाहेरच्या लाइनमध्ये नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या दोन खिडक्यांतच निकालात निघतात.

उपाय : राउटरच्या सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'क्यूओएस' (ही रांग सांभाळणारी सोय) शोधा. आत 'एफक्यू-कोडेल' किंवा 'केक' हे पर्याय दिसले तर उत्तमच. तिथे अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, म्हणजे तुमच्या बाबतीत १७-१८ एमबीपीएस. मुद्दाम कमी का? रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागावी म्हणून. तिथे छोट्या पॅकेटांना वाट करून देता येते. काही राउटरांवर नुसतं 'गेमिंग मोड' लिहिलेलं बटण असतं. ते दाबा, पण वरची चाचणी पुन्हा करून बघा, कारण कैकदा त्या बटणामागे काहीच नसतं. राउटर जुना असून यातलं काहीच नसेल तर खेळताना घरच्यांच्या फोनचं फोटो बॅकअप बंद ठेवायला सांगा. फुकटचा उपाय आहे, अवघड एवढाच की तो घरच्यांच्या गळी उतरवावा लागतो.

प्रश्न : आम्ही पाच मित्र रोज खेळतो. पार्टी चॅटमध्ये मला तिघांचं ऐकू येतं, चौथ्याचं नाही. त्यालाही माझं येत नाही. प्लेस्टेशन ५ च्या चाचणीत 'नॅट टाइप ३' दिसतं. पोर्ट फॉरवर्डिंग करून पाहिलं, फरक शून्य.

आधी टाइप ३ म्हणजे काय ते. तुमच्या घरातली सगळी उपकरणं एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर बोलतात आणि कोणाचं उत्तर कोणाकडे द्यायचं याची वही राउटर ठेवतो. यालाच 'नॅट' म्हणतात. तुम्ही आधी कोणाशी बोललात तर त्याचं उत्तर आत येतं. कोणी स्वतःहून आला तर वहीत नाव नाही म्हणून दारातूनच परत. टाइप २ मध्ये ही अट पुरेशी सैल असते, टाइप ३ मध्ये कडक. एक बाजू सैल असेल तर निभावतं. दोन्ही बाजू कडक असतील तर दोघंही 'आधी तू हाक मार' म्हणत बसतात. म्हणून तुमच्या त्या चौथ्या मित्रालाही टाइप विचारा, बहुधा तोही ३ निघेल. (एक्सबॉक्सवर हेच 'ओपन', 'मॉडरेट', 'स्ट्रिक्ट' या नावांनी दिसतं, निन्टेंडो स्विचवर ए, बी, सी, डी, एफ अशा अक्षरांनी.)

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या वहीत हाताने कायमची नोंद करणं. त्याचा फरक पडत नाही, यातच खरा सुगावा आहे. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा आणि मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून बाहेरून दिसणारा पत्ता बघा. दोन्ही एक असतील तर चूक तुमच्या फॉरवर्डिंगमध्ये आहे. एक नसतील तर वॅनचा पत्ता नीट वाचा.

तो १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बहुधा तुमच्या राउटरच्या पुढे घरातच आणखी एक राउटर आहे. इंटरनेटवाल्याने बसवलेला डबा मोडेमही असतो आणि राउटरही, आणि त्याच्यामागे आपण हौसेने आपला राउटर लावलेला असतो. वह्या दोन झाल्या, फॉरवर्डिंग मात्र एकीतच लिहिलं गेलं. बाहेरच्या डब्याला 'ब्रिज मोड'वर टाका, म्हणजे तो नुसता मोडेम उरेल. तसा पर्याय नसेल तर आपल्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाका, म्हणजे तो वही न ठेवता नुसतं वाय-फाय देईल. दोन्हींपैकी एकच करायचं.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर मुख्य वही तुमच्या घरात नाहीच, ती कंपनीकडे आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात जेमतेम ४२९ कोटी. ते पुरेनात म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात, आणि त्या मधल्या जागेसाठी २०१२ मध्ये ही पत्त्यांची पट्टी राखून ठेवली गेली. (काही कंपन्या त्यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेच वापरतात. घरात एकच डबा असून १० दिसत असेल तर तुम्हीही याच गटात.) इथे पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आपल्या खोलीचं दार उघडं टाकून इमारतीच्या कुलूपबंद फाटकातून पाहुणा येण्याची वाट बघणं. कंपनीला फोन करून 'पब्लिक आयपी' मागा. शब्द नेमके हेच वापरा, 'गेम अडकतो' म्हणालात तर राउटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवतील. शिवाय राउटरवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) चालू करून बघा, एक्सबॉक्सला त्याचा चांगला उपयोग होतो.

या दोन्हींतलं काही नसेल तर मग साधं काम : राउटरवर यूपीएनपी (कन्सोलला हवे ते पोर्ट आपोआप उघडून देणारी सोय) चालू करा, आणि कन्सोल रेस्ट मोडमध्ये न टाकता पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. हातानेच पोर्ट उघडायचे असतील तर प्लेस्टेशनसाठी ३४७८ ते ३४८०, एक्सबॉक्ससाठी ३०७४. त्याआधी राउटरमध्ये कन्सोलचा घरातला पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर आठवड्याने पत्ता बदलतो आणि पोर्ट कुणाच्या तरी टॅबलेटकडे उघडलेले राहतात. कन्सोल 'डीएमझेड'मध्ये टाकण्याचा, म्हणजे बाहेरून येणारं सगळं थेट त्याच्याकडे सोडण्याचा सल्ला अनेक जण देतात. चालतो, पण मी सगळं थकल्यावरच तिकडे जातो.

प्रश्न : दादाचा आणि माझा वेगवेगळा एक्सबॉक्स आहे. जो आधी चालू करतो त्याला 'ओपन' मिळतं, दुसऱ्याला 'स्ट्रिक्ट'. रोज भांडण.

दोघांनाही ३०७४ हाच पोर्ट हवा असतो आणि तो एकालाच मिळतो. दादाच्या एक्सबॉक्सवर नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 'ऑल्टरनेट पोर्ट सिलेक्शन' आहे. तिथे यादीतला दुसरा कुठलाही पोर्ट निवडा आणि यूपीएनपी चालू ठेवा. दोघांपैकी कोणी बदलायचा यावरून भांडू नका, कुठलाही चालतो.

प्रश्न : वाय-फाय बेभरवशाचं म्हणून केबल ओढली. आता वाय-फायपेक्षाही कमी, कायम ९४-९५ एमबीपीएस मिळतात. असं कसं?

९५ हा आकडाच सगळं सांगतो. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली, तरी दोन्ही टोकं गुपचूप १०० वर तडजोड करतात. दिवे लुकलुकत राहतात, त्यामुळे संशय येत नाही.

मी स्वतः यात दोन महिने घालवले आहेत. राउटर बदलला, राउटरवाल्याला दूषणं दिली. शेवटी प्लग काढून खिडकीच्या उजेडाकडे धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ रंगीत तारा पुढच्या पितळी दातांखाली पोचलेल्या दिसायला हव्यात. सात पोचल्या होत्या, कडेची तपकिरी मात्र केसभर मागे राहिली होती. प्लग नवा बसवला आणि काम झालं. तुम्हीही आधी दोन्ही टोकं अशीच बघा, आणि केबल कपाटाच्या पायाखाली किंवा दाराच्या फटीत चेंगरली आहे का तेही. केबलवर 'कॅट ५ई' छापलेलं असलं तरी पुरे, ती गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. केबल धडधाकट निघाली तर राउटरवरचं केबल खोचायचं पोर्टच १०० चं आहे का ते तपासा. स्वस्त राउटरांत ते सर्रास असतं.

दरम्यान, मॅचसाठी ९५ काहीच वाईट नाही. फटका बसतो तो डाउनलोडला : १०० जीबीचा गेम या वेगाने साधारण दोन तास वीस मिनिटं घेतो, ३०० ने पाऊण तास.

प्रश्न : ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दिवसातून दोन-तीनदा मिनिटभर गायब होतं आणि मी मॅचमधून बाहेर फेकला जातो. २.४ वर ठेवलं तर तुटत नाही, पण लॅग येतो.

राउटर 'ऑटो' चॅनलवर असेल. ५ गिगाहर्ट्झमधले मधले चॅनल, ५२ ते १४४, रडारही वापरतात. रडारचा सुगावा लागला, किंवा नुसता भास झाला, तरी राउटरला नियमाने ती जागा सोडावी लागते. नवी जागाही त्याच पट्ट्यातली असली तर प्रक्षेपण सुरू करण्याआधी किमान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो. तुमचं ते हरवलेलं मिनिट हेच असणार. चॅनल हाताने ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर बांधून टाका.

२.४ वर शेजारच्या घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे एकाच गर्दीत असतात. तिथे रहायचंच असेल तर १, ६ आणि ११ यांतला सर्वात रिकामा चॅनल घ्या, मधला कुठला नको. २०१३ च्या मूळ प्लेस्टेशन ४ वाल्यांना दुसरा पर्यायही नाही, त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. त्यांनी सरळ केबल लावावी.

प्रश्न : डीएनएस बदलला की पिंग कमी होतो असं सगळे म्हणतात. मी १.१.१.१ लावला. पिंग ११० होता, ११०च आहे.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. डीएनएसचं काम सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधून देण्यापुरतं. मॅच सुरू झाली की त्याची ड्यूटी संपली. स्टोअरची पानं उघडायला वेळ लागत असेल तर डीएनएस जरूर बदला, पिंगसाठी नको.

तुमचा ११० कायम एकसारखा आहे, वर-खाली होत नाही, हेही लक्षात घ्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. सर्व्हर आठ हजार किलोमीटरवर असेल तर नुसत्या अंतराचेच ८० झाले, आणि केबल कधी सरळ रेषेत नसते. गेमच्या सेटिंगमध्ये 'रीजन' किंवा 'सर्व्हर' बदलता येतो का बघा. मॅचमेकिंगने तुम्हाला मित्राच्या पार्टीमुळे दूरच्या सर्व्हरवर टाकलं असण्याचीही शक्यता आहे.

प्रश्न : मुलगा सारखा म्हणतो, बटण दाबल्यावर उशिरा होतं, नेटवर्क खराब आहे, नवा राउटर आणा. मला यातलं काही कळत नाही. आणावा का?

त्याला एकट्याने खेळायचा गेम, इंटरनेट पूर्ण बंद करून, दहा मिनिटं खेळायला सांगा. तेव्हाही बटण उशिरा लागत असेल तर राउटरचा काही संबंध नाही. नवे टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी त्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि तेवढा वेळ चित्र उशिरा दाखवतात. टीव्हीच्या मेन्यूत, कन्सोल ज्या एचडीएमआयला लावलाय त्याच इनपुटवर असताना, 'गेम मोड' चालू करा. रंग थोडे फिके वाटतील, ते चालेल. मग तोच गेम पुन्हा खेळायला द्या. "आता बरंय" म्हणाला, तर राउटर आहे तोच राहू द्या.